वीतभर

एका अंशाला पोलाद किती वाढतं, ते कोष्टकात असतं:
बारा, गुणिले दहाचा उणे सहावा घात.
म्हणजे जवळजवळ नाहीच.
सांडलेलं मीठ बोटाने टिपून घ्यावं, इतकं.
पण सोहारला वाफेची लाइन शंभर मीटर सरळ जाते,
जानेवारीतल्या पहाटेच्या वीस अंशांवरून
दोनशे वीसवर चढते,
आणि ते जवळजवळ-नाहीच
दोनशेने गुणलं जातं, शंभराने गुणलं जातं,
चोवीस सेंटिमीटर होतं.

गुलजमान फिटर. मुलूख दीर, शाळा चौथीपर्यंत.
मी ड्रॉइंगवर चोवीस लिहिलं.
त्याने हातमोजा काढला,
अंगठा नि करंगळी ताणून पाइपवर टेकवली:
"एवढं ना?"
एवढंच.
त्याची वीत माझ्या उत्तराहून जराशी मोठी निघाली.
म्हटलं, असू दे, हाताशी असावी थोडी जास्त.

घर्षणांक मात्र मी ०.१ धरला होता.
पाइपच्या बुटाला खालून स्टेनलेसची चकचकीत पट्टी,
तिच्याखाली टेफ्लॉन.
पुस्तकात या दोघांचे रकाने जिथे भेटतात
तिथे ०.१, ठळक, निःशंक.
ते मोजलं असणार कुठल्याशा बंद खोलीत,
जिथे वारा मुठी भरभरून वाळू आणत नाही,
समुद्र हवेत मीठ कालवत नाही.

जुलैत, चौथ्यांदा वाफ सोडली तेव्हा,
सतरा नंबरचा बूट चिकटला.
लाइन वाढायला बघत होती
आणि तिला कुणी जाऊ देईना.
खांब वाकला.
खलफानने व्हॉल्व्ह बंद करायला लावला, एकदाही न ओरडता,
आणि माझ्याकडे पाहिलं.
गुलजमानने टेफ्लॉनवरून बोट फिरवून
माझ्या डोळ्यांसमोर धरलं:
पिवळसर, खरखरीत.

०.१ खोटा नव्हता.
घर्षणांक एकट्याचा नसतो, दोघांमधला असतो,
आणि त्या दोघांच्या मध्ये जे शिरलंय, त्याचाही.

सुरक्षा विभागातल्या हुदाने भिंतीवर आलेख लावलाय:
आडवं तापमान, उभी चक्कर येऊन पडलेली माणसं.
सहसंबंध ०.८७.
खाली पेन्सिलीने अरबीत काहीतरी. विचारलं, तर म्हणाली,
"यांतले किती जण उपाशी होते, ते मला कुणी सांगितलं नाही."

कोष्टक न उघडता सगळ्यांना येतो असा एकच गुणक इथे:
गुरुवारी रात्री, पैसे पाठवायच्या खिडकीवर,
रियालला किती.
माझा दोनशेच्या पुढे, गुलजमानचा सातशेच्या.
"तू श्रीमंत," मी म्हणतो.
"तुमच्याकडे पीठ काय भाव?" तो विचारतो.

तिथेच रांगेत चाळीसगावहून मुलीचा फोन.
तिच्या पुस्तकात एक्स आहे, माझ्या वेळी क्ष होता.
"पाच एक्सचा सहगुणक पाच. मग नुसत्या एक्सचा?
आधी काहीच लिहिलं नाहीये."
"एक."
"शून्य नाही?"
"शून्य असता तर एक्स उरला असता का?"
"मग लिहीत का नाहीत?"
मी सांगितलं, तशी पद्धत आहे.
ती म्हणाली, काहीतरीच.

रात्री गणित पुन्हा मांडलं.
घर्षणांक ०.३. खांब जाड. वाळूसाठी रबरी झालर.
"आधार" या रकान्यात लिहिलं: स्थळपाहणी.
चहा प्यालो. खोडलं.
लिहिलं: गुलजमान, फिटर, पाइपिंग.
खलफान म्हणाला, ऑडिटवाले विचारतील.
विचारू देत.

ऑगस्टात, फजरच्या अजाननंतर, वाफ सोडली.
आम्ही दोघं सतरा नंबरपाशी उकिडवे.
बूट सरकला.
थांबला.
गुलजमानने हातमोजा काढून ठेवला होता.
सरकला.